चांदीचा टाका

—नाही नाही, चहा घ्यावाच लागेल, त्याशिवाय मी पार्टला हात लावत नाही. ते स्टूल नको, त्याचा एक पाय हलतो, इकडे बसा, पंख्याखाली. मार्चच आहे म्हणायचा, पण दुपारी भोपाळचा हा गोविंदपुरा कसा तापतो बघा. तुम्ही मराठीत बोललात ना, बरं वाटलं हो ताई. दिवसभर आपलं "भैया, हो जायेगा क्या, कब तक होगा" ऐकून कान किटतात — आणि मग माझंही तसंच होतं, घरी गेल्यावर मंजूषा, म्हणजे आमची बायको, हसते, म्हणते तुम्ही भांडता तेसुद्धा अर्धं हिंदीतच. खरं आहे तिचं. तीस-पस्तीस वर्षं झाली नागपूर सोडून. खैर. दाखवा, काय आणलंय. रुमालात कशाला गुंडाळलंत, सोनंबिनं आहे का? बघू — अरे बापरे. पार जळालाय की हा. प्लास्टिक सगळं गेलं, पितळ काळं पडलंय. ओळखू येतो का म्हणून काय विचारता! हीटरच्या पंख्याचा रेझिस्टर आहे हा, आणि साध्यासुध्या गाडीचा नाही, स्पोर्ट्स कारचा आहे. इथे दहा दुकानं फिरलात ना? फिरलाच असणार. कुणी सांगितलं नसेल. इथल्या निम्म्या लोकांनी हा पार्ट जन्मात बघितलेला नाही.

बघा, सोपं करून सांगतो. बाजूच्या सीटवर जो बसतो, त्याच्या पायांच्या वर, डॅशबोर्डच्या आत एक पंखा असतो. बटण एक, दोन, तीन, चार. चारवर लावलं की बॅटरीची वीज सरळ पंख्याला — तो जोरात फिरतो. एकवर, दोनवर लावलं की तीच वीज या तारेच्या वेटोळ्यातून जाते, वेटोळं त्यातली थोडी खातं, म्हणून पंखा हळू. पण खाल्लेली वीज जाणार कुठे? वेटोळं तापतं. म्हणून त्याला पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेलं असतं, वारा लागतो, गार राहतं. आता समजा पंखाच अडकला — हे नेहमी होतं हो, लोक गाडी कडुनिंबाखाली लावतात, वाळकी पानं आत जातात, मूठ-मूठभर पानं काढलीत मी — पंखा अडकला, वारा बंद, वेटोळं तापत तापत लाल. आणि बाजूला सुकी पानं. म्हणून कंपनी काय करते? इथे, पार्टच्या या दोन पितळी पायांच्या मधे, एवढासा एक फ्यूज ठेवते. उष्णतेचा. दोनशे डिग्रीच्या आसपास तो स्वतः वितळतो, वीज तुटते, पंखा बंद — बस्स. तुम्ही थंडीत कुडकुडता, पण गाडी शाबूत, माणूस शाबूत.

यात फ्यूज कुठंय? नाहीये. बरोब्बर बघितलंत. फ्यूजच्या जागी तार घातलेली आहे. कुणी घातली? अहो, नीट बघा तर खरं, हे काम बघा! ही वर गुंडाळलेली फीत दिसते का, मळकी? काचेच्या धाग्याची आहे. ही जळत नाही. विजेच्या मोठ्या मोटरच्या वायंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळणीला वापरतात, आणि तिची ही गाठ — अशी आतून उलटी घेतलेली — ही गाठ बाजारातल्या मिस्त्रीला येत नाही, ती कारखान्यात शिकावी लागते. बावीस वर्षं वायंडिंगमधे होतो मी, मोठ्या कारखान्यात, मग बाहेर पडून हे दुकान टाकलं. आणि हे टोक बघा. तार जोडायला बाजारातला कुणीही कथिलाचा टाका मारतो, मी चांदीचा मारतो. सहाशे-सातशे डिग्रीपर्यंत हलत नाही. पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर आहे ना — सगळं जळालं, माझा टाका तस्साच! अख्ख्या भोपाळमधे दुसरा माणूस दाखवा असं काम करणारा. माझंच आहे, कागदावर लिहून देतो, म्हणाल तिथे सही करतो. चहा घ्या ना, साय धरतेय.

कोणाच्या गाडीत? थांबा, आठवून बघतो. या मॉडेलच्या गाड्या माझ्याकडे दोनच येतात. लाल — दोन सीटची — अभिजीत! गोड पोरगा हो. सेकंडहँड घेतली होती, पण जपायचा किती. नोव्हेंबरात आला होता, "काका, पंखा फक्त चारवर चालतो, मानसीला त्या आवाजाचा त्रास होतो, काहीतरी करा." मानसी म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं पार्ट बाहेरून मागवावा लागेल, तोपर्यंत तात्पुरतं करून देतो. म्हणजे तुम्ही त्याच्या — बहीण? रसिकाताई! अहो मग आधी नाही का सांगायचं! तुमच्याबद्दल बोलायचा तो, ताईला गाडी अजिबात आवडली नाही म्हणायचा, म्हणते जमिनीला टेकून काय बसायचं. हा हा. मग कसा आहे अभिजीत? आणि हा रेझिस्टर बाहेर कसा आला, दुसरीकडे कुठे काम केलं की काय? गाडी आणायची होती इथे. गाडी कुठंय?

मिसरोदला?

पोलीस ठाण्याच्या आवारात. बरं. म्हणजे — थांबा हां, हा पंखा फार आवाज करतो, बंद करतो. हां. बोला. एकतीस डिसेंबरला... होशंगाबादकडून परत येताना. सकाळी. धुकं होतं, हो, त्या आठवड्यात होतंच. मानसी झोपली होती म्हणून तो एकटाच चहा आणायला उतरला. इंजिन चालू ठेवून. तिला थंडी वाजू नये म्हणून हीटर एकवर... एकवरच का? हो, तिला आवाजाचा त्रास. आणि दार लॉक, कारण एकटी झोपलेली बाई. आणि मग धूर — दार आतून उघडलंच नाही, सगळी लॉक विजेवर चालणारी — पुढचं नका सांगू, ताई. कळलं मला. नका सांगू.

आणि मानसीचे वडील म्हणतात हे अभिजीतनं केलं. भांडणं होती म्हणतात. भांडणं कुणाच्या घरी नसतात? मंजूषा आणि मी रोज भांडतो. जिवंत बायकोला आत कोंडून हा बाहेर चहाचे दोन कप घेऊन उभा राहिला, असं म्हणतात? तीन महिने आत ठेवलंय? अरे देवा. तपासवाले काय म्हणाले — कारण कळत नाही. त्यांना कसं कळणार, त्यांना या गाडीतलं काय कळतं. आणि तुम्ही एकटीनं त्या राखेत हात घालून हे शोधून काढलंत. तुम्हाला मानलं पाहिजे, ताई, खरंच.

पेपरात आलं होतं. वाचलं होतं मी. नाव नव्हतं, की होतं, नीट आठवत नाही — फोटो होता, नुसता सांगाडा, रंग कुठला ते ओळखू येत नव्हतं. पण ठेवण कळली. एवढी बुटकी गाडी त्या रस्त्यावर दुसरी कुणाची असणार? मंजूषा म्हणाली, काय झालं, घास का थांबला. मी म्हटलं काही नाही, आणि पान उलटलं. खाली लिहिलं होतं, शॉर्टसर्किट. आता शॉर्टसर्किट शंभर ठिकाणी होऊ शकतं, गाडीत किलोमीटरभर वायर असते — मी तेच म्हटलं स्वतःला. रोज म्हटलं. तुम्ही आत आलात ना आत्ता, तेव्हा माझ्या डोक्यात ते नव्हतं, देवाशपथ नव्हतं, नाहीतर मी माझ्या तोंडानं — जाऊ दे.

एक गोष्ट सांगू? दुसऱ्या कुणी मिस्त्रीनं केलं असतं ना हे, कुणी अडाणी, फुटपाथवरचा, तर मानसी वाचली असती. कशी काय? अहो, त्यानं कथिलाचा टाका मारला असता! तार घातली असती त्यानंही, सगळेच घालतात, पण पंखा अडकल्यावर, तापल्यावर, त्याचा तो भिकार टाका वितळून गळून पडला असता. तार सुटली असती. फ्यूजचंच काम केलं असतं त्यानं. आणि मी — माझं काम सुटत नाही. कारखान्यात शिकवलंच ते, सुटता कामा नये. सवय हो. हाताला दुसरं येतच नाही. वितळायची वस्तू काढून तिथे न वितळणारी घातली मी, आणि वर गाठ मारली, आणि गाठ मारून झाल्यावर पाठ थोपटून घेतली स्वतःची.

पण ते तात्पुरतं होतं, ताई! हे समजून घ्या. पार्ट मागवला होता मी. आलाही होता. बारा दिवसांत. नाही, म्हणजे — आला होता, पण ती दुसरी गाडी आहे ना त्याच मॉडेलची, ठेकेदाराच्या मुलाची, प्रसादची, तो इथे याच स्टुलावर येऊन बसला, आत्ता पाहिजे म्हणून. मोठी माणसं, दहा गाड्या आहेत त्यांच्या, सगळ्या माझ्याकडे येतात. मी विचार केला अभिजीतचं तर चालतंय, सहा आठवड्यांची ती भोपाळची थंडी, संक्रांत झाली की हीटर कोण लावतो? त्याचा पुढच्या वर्षी बदलू. त्यात चूक काय होती? सांगा ना. चालत होतं की त्याचं.

फोन आला होता त्याचा. हो. डिसेंबरात, वीस-बावीस तारीख असेल. "काका, पार्ट आला का?" मी म्हटलं, नाही रे, अजून कुठे. तर म्हणाला, "काका, एकवर लावलं की गरम वास येतो. मानसी म्हणते काहीतरी जळतंय." वास. आणि मी हातातलं काम चालू ठेवून — मी म्हटलं — फितीवरचं वॉर्निश नवीन आहे, येतो वास थोडे दिवस, जाईल. म्हणाला, "नक्की ना काका?" म्हटलं, अरे मी केलंय ते, नारायणकाकानं, डोळे मिटून चालव.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. मंजूषालाही नाही.

ठाण्यात? आत्ता? तुमच्याबरोबर? नाही, बरोबर आहे तुमचं, हे जे मी बोललो ते तिथे बोललं की पोरगा उद्या-परवा सुटेल, समजतंय मला. सख्खा भाऊ आहे तुमचा. पण मग काय होईल ते तुम्हाला माहीतेय? त्याच्या जागी मी. या वयात, एकसष्ट वर्षांच्या माणसानं. आणि मंजूषा त्या घरात एकटी, तिला बँकेची स्लिपसुद्धा भरता येत नाही. आणि गल्लीभर एकच, नारायणनं जाळली, नारायणनं जाळली. मी काय जाळली? तुमच्या भावाला वकील मिळेल, तरुण आहे, सुटेल आज ना उद्या. मला तेवढा वेळ नाही, ताई. द्या तो पार्ट जरा. नाही, घाबरू नका, एक दाखवायचं राहिलं — इकडे उजेडात धरतो. ही फीत बघा, ही, आणि खालची ही तार, टाक्यासकट. हे कटर असं इथे लावलं, आणि...

झालं.

काय झालं म्हणजे? खराब होती, काढली, डब्यात टाकली. या डब्यात बघा किती तुकडे आहेत तारांचे, फितीचे, वर्षानुवर्षांचे. हलवू का डबा? हलवतो. आता तुमचा यातला कुठला ते मलाही सांगता येणार नाही. हा घ्या तुमचा रेझिस्टर. जळका आहे, मला काही ओळखू येत नाही. मी कधी बघितलेला नाही. तुम्ही आलात, विचारलंत, मी म्हटलं माहीत नाही, एवढंच झालंय इथे. गाठ? कसली गाठ?

शिव्या द्या ना. रडा, ओरडा, बाहेरच्या लोकांना बोलवा — बसून काय राहिलात? जा आता. चार वाजले, एकाच्या गाडीचं काम आहे माझ्याकडे, तो येईल. रसिकाताई. बाहेर ऊन कमी झालंय, रिक्षा मिळेल लगेच. असं बघू नका माझ्याकडे. उठा ना. उठा म्हणतोय ना मी — हात जोडतो, ताई, पण उठा.