रफीकचा पॅच

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला त्या प्रोग्रॅममध्ये, कोणीही सुधारणा करू शकतो, असं कोणी सांगितलं की मला आमचा रफीक आठवतो.

भामरागडच्या दवाखान्यात मलेरियाच्या रुग्णांची यादी ज्या ओपन सोर्स प्रोग्रॅमवर निघायची, तो आम्ही चंद्रपुरातून सांभाळायचो. यादी नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लागायची. रफीकनं त्यात दुरुस्तीचा छोटा पॅच लिहिला. ज्याचा मलेरिया मेंदूत जाणारा, त्याचं नाव सगळ्यांच्या वर.

आमचे मोठे सर म्हणाले, "मूळ कोडले हात नको लावू. प्रत्येकाचा जुगाड आत घेतला तर सांभाळन कोण? एक्स्टेन्शनच्या फोल्डरात ठेव, बाहेरून जोडून."

"सर, नवीन व्हर्जन टाकलं का एक्स्टेन्शन बंद पडते. तिथी कोणी चालू करत नाई."

"मंग तू जाऊन चालू करून ये."

दर वेळी तोच जायचा. त्या पावसाळ्यातही गेला. नवीन व्हर्जन टाकलं आणि एक्स्टेन्शन चालू करायच्या आधीच तापानं आडवा झाला. पुलावर पाणी, रस्ता बंद. त्याचंही रक्त तपासलं, मेंदूत जाणाराच मलेरिया निघाला. साथ जोरात होती, सिस्टरबाई यादीप्रमाणे वरून खाली औषध देत गेल्या. 'र' दुसऱ्या पानावर होता. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर दुसरा दिवस उजाडला आणि तो शुद्धीवर नव्हता.

पाणी उतरल्यावर त्याला बल्लारशाला त्याच्या घरी आणलं. माती देऊन ऑफिसात परतलो तर सर म्हणाले, "त्याचा पॅच मूळ कोडात घे."

मी घेतला. सर मागं उभेच होते.

"झालं? एवढंच होतं?"

"चार ओळी होत्या, सर."