वाढ्याच्या गाडीवर

पहिल्याच पेशंटला मी डोळे मिटायला लावले आणि मीच झोपलो. खुर्चीत, मान टाकून, भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून माझी सुरुवात ही अशी झाली, आता काय सांगू तुम्हाला.

मूळचा मी खर्ड्याकडचा. आई-बाप ऊसतोडीला, दिवाळी झाली की बैलगाडीत संसार टाकून श्रीगोंद्याकडं यायचे, आणि त्या संसारात मीपण. बाप पिऊन पडला की आई गाडी हाकायची आणि मला वाढ्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर, निजवायची. वाढं गार लागतं पाठीला, वास कच्चा गोड, खाली चाक कुरकुरतंय, वर आभाळ मागं मागं सरकतंय, आणि आई बैलांशी बोलतीय का माझ्याशी तेच कळत नाही. तसली झोप पुन्हा लागली नाही म्हणावं, तर लागली, पण नेमकी नोकरीत.

नगरला समाजकार्य शिकलो, मग समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं. तिथं मॅडमनी शिकवलं, पेशंटला तलफ आली की डोळे मिटायला सांगा, मनानं समुद्रकिनारी न्या, लाटा ऐकवा. आणि श्रीगोंद्याजवळच्या केंद्रात लागलो तर समोर कोण, नामदेवभाऊ, आमच्या जामखेडकडचाच ऊसतोडीवाला, वयानं माझ्या काकाएवढा. अंग थरथरतंय, नजर दारावर. म्हटलं, भाऊ, डोळ्यांपुढं समुद्र आणा. म्हणाला, साहेब, म्या समुद्र बगितलाच न्हाई.

हा माणूस आधीही केंद्रातून पळालेला. त्याची बायको सखुबाई भरती करतानाच बजावून गेली होती, आता पळून आला तर मी भावाच्या टोळीत ऊस तोडाया जानार, मला न्हाई असला नवरा पायजे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, बायको गेली की अर्ध्या कोयत्याला कुणी कामावर घेत नाही. म्हणजे त्याचा सगळा संसार त्या दुपारी त्या उघड्या दारात अडकलेला, आणि राखणीला मी.

म्हटलं, समुद्र राहू द्या भाऊ, बैलगाडी आणा. वाढ्यावर आडवे झालात, चाक कुरकुरतंय, घुंगरं वाजतायत, आभाळ सरकतंय... बोलता बोलता माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागला. पाठीला वाढं गार लागलं. खर्ड्याचा किल्ला आला, तो काय कधी हलत नाही, पण त्या दिवशी गाडीबरोबर चालत होता, निवांत, आणि पुढं आईच्या जागी कुणी पुरुषमाणूस बसून बैलांना चुचकारत होता, हळू रं, हळू, प्वार निजलंय.

जागा झालो तर ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं, दार तसंच उघडं. बघतो तर नामदेवभाऊ समोरच, डोळे मिटून, हातात नसलेला कासरा धरून बसलेला. आणि दारात सखुबाई, भाकरी घेऊन आलेली. माझ्याकडं बघत नवऱ्याला विचारते, अवो, ह्यातला दारुड्या कोन म्हनायचा?

मी विचारलं, भाऊ, दार उघडं होतं, गेला का नाहीत? गेल्तो की, म्हणाला, उंबऱ्यापत्तूर गेल्तो, पन तुमी मदीच निजला आन् गाडी चालू, वर निजल्यालं प्वार टाकून बैल मोकळं कसं सोडायचं, बसलो मंग परत, हाकली.

आता नामदेवभाऊ पीत नाही. हंगाम सरला की गावी जाताना सखुबाईला घेऊन केंद्रावर थांबतो, नव्या पेशंटांत बसतो. मी अजून तीच गाडी सांगतो, समुद्र अजून कुणी मागितला नाही. कधी कधी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि त्या खोलीतून गाड्यांची रांगच्या रांग चालल्यासारखी वाटते, एखाद्या गाडीवर माझा बापही दिसतो, शुद्धीत, कासरा धरून. सगळी आपापल्या घरी सुखरूप पोचोत, दुसरं काय मागायचं. परवा असंच बसलो होतो, झाल्यावर नामदेवभाऊला विचारलं, कसं झालं? म्हणाला, ब्येस झालं साहेब, फकस्त घोरत जाऊ नका, बैल बुजत्यात.