बाबाची वीत

लेक : हलू नको ना बाबा! हात फोनसमोर सरळ धर. पट्टी लावतेय.

बाबा : धरला. किती भरली वीत?

लेक : साडेपाच सेंटिमीटर.

बाबा : अरे वा! तिकडून आलो तेव्हा बरा धडधाकट होतो गं.

आई : अगं वेडाबाई, फोनमधला हात कधी मोजतात का?

लेक : मग काय करू? टेबल घरातल्या प्रत्येकाच्या वितीने मोजायचंय. माझ्या आठ, आईच्या सात. बाई म्हणाल्या, बाबा घरी नसतील तर तिथे रेघ मार. मी नाही मारणार रेघ.

बाबा : नकोच मारू. पण माझ्याकडे इथे पट्टी नाही.

आई : चमचा आहे ना? जाताना आपल्या जोडीतला एक नेलास तो? दुसरा इथेच आहे.

बाबा : आहे की! रोज त्यानेच जेवतो. थांब... हं. माझी वीत म्हणजे एक चमचा, आणि वर चमच्याचा पुढचा खोलगट भाग.

लेक : नक्की ना? अंदाजे नको.

बाबा : नक्की. आता माझं एक काम कर. त्याच चमच्याने तुझं पाऊल मोज.

लेक : पाऊल कशाला?

बाबा : असंच. मोज तर.

लेक : टाच भिंतीला लावली. एक चमचा... आणि वर... बाबा! खोलगट भागच! माझं पाऊल म्हणजे तुझी वीत!

बाबा : एवढं झालं?

लेक : मग मी पावलानेच टेबल मोजते, म्हणजे तूच मोजल्यासारखं!

आई : जेवायच्या टेबलावर पाय ठेवलास तर बघ.

लेक : कागदावर पाऊल काढून कापते ना! कात्री कुठंय?

(ती आत पळते. फोन आईच्या हातात.)

आई : पाऊल कशाला मोजायला लावलंस रे?

बाबा : निघालो त्या पहाटे ती झोपली होती. पांघरुणाबाहेर पाय आला होता. अंगठा आणि शेजारचं बोट ताणून मोजला होता मी. टीचभर भरला.

आई : मग?

बाबा : त्या मापाने बूट घेऊन ठेवलेत. लाल. पिशवीतून काढून बघत असतो अधूनमधून.

आई : अरे, दुसरीत होती ती तेव्हा!

बाबा : कळतं गं. पण डोळ्यांसमोर तेवढीच येते.

लेक : सहा! बाबा, तुझ्या बरोबर सहा विती! लिहून टाकलं!

बाबा : शाब्बास गं माझी राणी!

आई : बदलून घे ते बूट. वाढत्या मापाचे घे.

बाबा : किती वाढत्या? माझं यायचं अजून ठरत नाहीये.