हीरो चीतपट

तुम्हाला सांगितलंच न्हाय व्हय? ढाक्याचा एक डायरेक्टर मारामारीचा पिक्चर घेऊन कोल्हापुरात आलता. मला गुंडाचं काम दिलं. हीरोनं नुसता धक्का द्यायचा, मी पडायचं. पण त्या गड्यानं माझी मानच धरली की! तालमीतली सवय, मानेवर हात पडला की डाव आपोआप सुटतोय. हीरो चीतपट, मी त्याच्या छातीवर. म्हटलं, काम तर गेलंच, आता पोलीस.

डायरेक्टर धावत आला. हीरोला लागलं न्हाय बघून माझ्या कानाशी वाकला आणि हिंदीत म्हणाला, "पैलवान, डायरेक्टर व्हायच्या आधी मी पंधरा वर्षं हीरोच्या हातनं पडायचंच काम केलं. आज काळीज थंड झालं. आता उठा, आणि पडा."