बदामचा एक्का

फ्रेमच्या दुकानात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. बहिणीच्या हातात त्यांच्या आजीचा फोटो होता.

"ताई, फोटोखाली काय लिहायचं? प्रेमळ, कष्टाळू?"

"पत्त्यांत लबाडी करणारी, असं लिही."

"अगं, तिला जाऊन महिनासुद्धा झाला नाही."

"म्हणून काय लबाडी पुसली गेली? बाबा, काका, आत्या, सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं, पण पत्ते पिसायला तिच्या हातात कुणी देत नव्हतं."

"मला मात्र तिनं शेवटी जिंकू दिलं. दवाखान्यात, ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी."

"तुला? आजीनं?"

"आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, 'शिकलास रे बाबा.' नंतर तिची गादी आवरताना उशीखाली बदामचा एक्का सापडला. तो टाकला असता तर डाव तिचाच होता. माझ्यासाठी लपवला गं तिनं. मी तिथंच बसून रडलो."

"उगाच रडलास."

"का?"

"आजी कुणाला फुकट जिंकू देते का? तो एक्का तिनं दुसऱ्या दिवशीच्या डावासाठी दाबून ठेवला होता."