बावट्याच्या रंगाची ओढणी

…नाय, तुमीच सांगा, अख्खं पार्लमेंट टीव्हीवर दाखवतात, मग त्यात आमची हिमानी कुठं हाय? माझी पोरगी हो! पालघरला कॉलेजात शिकते, महिनाभर एका खासदारसाहेबांच्या हाताखाली काम शिकायला दिल्लीला गेलीय, इंटर्नशिप म्हणतात त्याला, अख्ख्या मुरबे गावातनं पहिली! आता तिची आई, पुष्पलता, पोरीला सोडून कधी राहिलेली नाय, हिचा जीव टांगणीला… जेवते का, वाळली का… फोनवर पोरगी बोलते "बरी हाय", पण आईला डोळ्यांनी बघायचं ना! मग हिनं डोकं चालवलं. समुद्रात आपली होडी लांबून कशी वळखतो? बावट्यावरनं! म्हणून आमच्या बावट्याच्या रंगाची नारिंगी ओढणी बॅगेत कोंबली नि बजावलं, "रोज हीच घे. टीव्हीत दिसलीस की माझ्या घशाखाली घास उतरेल."

तुमाला सांगतो, पावसाळ्याची मासेमारीला बंदी, होड्या किनाऱ्यावर, सगळे रिकामे… सकाळी लोकसभा भरली की आमच्या घरात अख्खी आळी! शेजारचा कमलाकांत टीव्हीला नाक लावून. "ती बघ नारिंगी!" ती निघाली कुठली तरी खासदारबाई. "ती बघ, ती बघ!" ती कुणाची तरी पगडी! नि मधेच ते अध्यक्ष, "बैठ जाइए, कृपया बैठ जाइए!" बसतोय कोण? पुष्पलता विचारते, "अवो, बसायचंच नाय तर एवढ्या खुर्च्या कशाला?" मला काय ठाऊक? मी पण तेच बघत होतो! बाकं बडवतात ती कशाला? हाताला लागत नाय? कागद घेऊन पळतो तो कोण, त्या कागदात काय असेल? सगळं कळावंसं वाटायला लागलं हो… पण आमची हिमानी कुठं हाय?

काल संध्याकाळी तिचा फोन. "बाबा, ऐकलात ना आज? मासळी सुकवायला किनाऱ्यावर ओटे कधी बांधणार, तो प्रश्न मी लिवून दिलेला! साहेबांनी विचारला! मी नेमकी लायब्ररीत अडकलेली… मंत्री काय बोलले?"

ओटे! आमचे बोंबील वाळूत सुकतात, दाताखाली कचकच लागते, कधीपासून रडतोय आमी त्या ओट्यांसाठी… नि त्या टायमाला आमी काय करत होतो? कमलाकांत टीव्हीवर ओरडत होता, "ओ उभे राहिलेले, सरका जरा बाजूला, तुमच्या मागं नारिंगी दिसतंय!" ते उभे राहिलेले म्हणजे हिमानीचे साहेब!

ऊर भरून आला माझा, नि लाज पण वाटली. पोरगी विचारतेय, "बाबा, काय बोलले?" मी बोललो, "बोलले… बरंच बोलले!"

पुष्पलतानं फोन ओढून घेतला. "ते जाऊ दे, ओढणी घेतलेलीस का?"

"आई, ती मी मैत्रिणीला दिली. तिला एसीत थंडी वाजते. ती पण इंटर्नच, पण राज्यसभेत असते."

राज्यसभेत! म्हणजे दुसऱ्याच चॅनेलवर!

आज सकाळपासून तो चॅनेल लावलाय. अख्खी आळी हजर. मी हिला बोललो, "बाई, तिथं हिमानी नाय, आता काय बघतेस?"

तर बोलते, "ओढणी धुतलेली हाय का तेवढं बघते."