आधी बातमी, मग विहीर

...नाही, पण मी म्हणते, घसा कोरडा पडला तरी आधी बातमीच ऐकायची? तुम्हाला सांगते, आम्हा पूर्व सुदानातल्या बेजा लोकांची रीतच तशी! भेटलात की बसा, जबन्यातून, म्हणजे मातीच्या सुरईतून, ओतलेली आल्याची कॉफी घ्या, तीन पेले तरी घ्याच, आणि समोरच्यानं काय काय पाहिलं ते सगळं ऐका. उंट, गवत, कुणाची बकरी व्याली... मध्ये बोलायचं नाही!

इकडे वस्तीची विहीर आटलेली. आई गाढव घेऊन पहाटे पाण्याला जायची, ती उन्हं कलताना यायची. आणि मी कोण? पोर्ट सुदानला भूशास्त्र शिकणारी! नकाशा घेऊन वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे धावत आले, म्हटलं, "ओशेककाका, विहिरीची जागा सापडली!"

तर काका म्हणतात, "बस पोरी. आधी बातमी."

"बातमी नंतर! अहो, इथे दोन डोंगर एकमेकांना घासत सरकलेत. इकडे ग्रॅनाइट, तिकडे हिरवट खडक, आणि मधल्या काळ्या पट्ट्याचं पार पीठ झालंय. पिठात पाणी मुरणारच ना?"

"असेल. पण बातमी..."

"कोट्यवधी वर्षांची बातमी या दगडात आहे, काका!"

काय वाक्य टाकलं! माझं मलाच आवडलं. काकांनी कॉफीचा पेला बाजूला ठेवला. आठ माणसं लागली खणायला. नऊ दिवस! चार पहारी वाकल्या... आणि पाणी? घामाचं तेवढं. पीठ झालं होतं खरं, पण खोल जमिनीत दाबानं, उष्णतेनं ते पुन्हा लोखंडासारखं घट्ट बसलेलं. पुस्तकात होतं हो... पुढच्या पानावर.

दहाव्या दिवशी मी काकांसमोर बसले मुकाट्यानं. तीन पेले. आधी बातमी! जावयाचा उंट, मेव्हण्याचा गुडघा... आणि अगदी शेवटी, "त्या काळ्या दगडात माझ्या बापानंही खणलं होतं. कोरडं. ग्रॅनाइटच्या कडेला मात्र भेगा आहेत, तिथली बाभळ भर उन्हाळ्यात हिरवी असते."

"काका! हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू बोलत होतीस ना? मध्ये कसं बोलायचं?"

बाभळीपाशी अकरा हातांवर पाणी लागलं. गोड. आईनं पहिली ओंजळ स्वतः प्यायली, दुसरी गाढवाला पाजली... आता ती दिवसभर घरीच असते आणि दिवसभर माझ्या चुका काढते.

आणि माझा नकाशा? त्यावर काळ्या पट्ट्यात विहिरीची लाल खूण, बाभळीची जागा कोरी. विद्यापीठानं त्याला पहिला नंबर दिला.